सागवानी जमीन पक्की होईपर्यंत

२० नोव्हेंबर, सोमवार

घर रिकामं झालं. पलंग, कपाटं, दिवाण, सगळं गच्चीवरच्या खोलीत कोंबलं. वसंतची आरामखुर्ची जिन्याच्या वळणावर अडकली. हमालाने तिचा एक हात उपटून काढला आणि मला म्हणाला, ‘नंतर बसवून देतो, मावशी.’ कोणाची मावशी?

दोन बॅगा, ब्लडप्रेशरच्या गोळ्या, ही वही. पदमपुऱ्याहून रिक्षाने गारखेड्याला, आक्कांकडे. सख्खी नणंद, वसंतची मोठी बहीण, पण पन्नास वर्षांत दोन दिवसांवर कधी राहिले नव्हते. आता महिना काढायचा. त्या एकोणऐंशी, मी त्र्याहत्तर. दोघींचे मिळून चार गुडघे, त्यांतले दोन कामाचे.

आक्कांचं स्वागत दारातच. ‘लोक लाकूड काढून फरशी बसवायले, अन् ही फरशी काढून लाकूड बसवायली. वाळवी खाईल.’

म्हटलं, वाळवी पोचेपर्यंत मी नसेन.

‘मग कोणासाठी करायलीस?’

मी बॅगा आत नेल्या. पूर्वी असं सोडलं नसतं.

२२ नोव्हेंबर, बुधवार

पांढऱ्या टाइल्स फोडल्या. मुद्दाम समोर उभी राहिले. आतल्या दारापासून चौथी टाइल. तिथे वसंत पडला, गेल्या वर्षी याच महिन्यात. खुब्याचं हाड, मग दवाखाना, मग न्यूमोनिया. पाचव्या दिवशी संपलं. लोक अजून विचारतात, ‘नुसतं पडून?’ हो, नुसतं पडून.

त्या टाइलवर हातोडा पडला की काहीतरी होईल असं वाटलं होतं. गॅसचा नंबर लावायचा राहिलाय, एवढंच आठवलं.

टाइल्स माझ्याच पसंतीच्या. दुकानात वसंत म्हणाला होता, ‘आता काय आरशावर चालायचं?’ मी म्हटलं, तुझी ती शहाबादी फरशी पुरे झाली, घर आहे की धर्मशाळा. दहा वर्षं आल्यागेल्याला मिरवून दाखवल्या. डबर दोन ट्रॉली निघाला.

२५ नोव्हेंबर, शनिवार

इस्माईलभाई लाकूड घेऊन आले. कापसाच्या एका पाडलेल्या जिनिंग गिरणीच्या छपराचं जुनं सागवान, फळ्या कापून. सत्तरीचा माणूस. बोलताना चष्मा काढतो, काम करताना घालतो.

‘बाई, या लकडीने लई पावसाळे छतावर काढले. अब तुमच्या पायाखाली आराम करेगी.’

म्हटलं, शायरी नको, ओल किती आहे ते सांगा. हसले. खिशातून लहानसं यंत्र काढून फळीत टोचलं, आकडा मला दाखवला. ‘बघा, एकदम कोरडी. आपल्या दोघांसारखी.’

आवडलं. दाखवलं नाही.

सगळ्यांना वाटतं मला खूळ लागलंय. लाकडी जमीन मला नवी नाही. कॉन्व्हेंटचा हॉल लाकडीच होता. शनिवारी आम्ही मुली एका पायाखाली नारळाचं सोडण घेऊन मेण घासत हॉलभर फिरायचो, पाठ ताठ ठेवून. सिस्टर छडी घेऊन मागे. त्या हॉलमध्ये रोज कोणीतरी पडायची. ढोपर लाल व्हायचं, बाकी काही मोडायचं नाही. लाकूड माणसाला थोडं सांभाळून घेतं.

हे आक्कांना सांगितलं. ‘तुम्ही पोरी होत्या,’ म्हणाल्या.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

निनादचा टोरांटोहून व्हिडिओ कॉल. त्याची सकाळ, आमची संध्याकाळ.

‘आई, एक सुचवू?’ मग तीन सेकंद गप्प. मी तीस वर्षं टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजला होते, लोकांचे परगावचे कॉल जोडून देत. असा थांबून बोलणारा माणूस वाक्य घरून पाठ करून आलेला असतो. वाक्य असं: जमिनीचं काम झालं की घर भाड्याने द्यायचं. मी आक्कांकडेच राहायचं. दोघींना सोबत, आणि त्याला दोन ठिकाणची काळजी नको.

‘आक्कांना विचारलंस?’

‘हो. त्या हो म्हणाल्या.’

म्हणजे मी शेवटची.

फोन ठेवला तर आक्का समोरच, शेंगा सोलत. ‘व्हय, मी व्हय म्हणलं. तुला आधी इचारलं असतं तर तू नाय म्हणली असतीस. मग मला कोण इचारतंय?’

‘आणि मी आता नाही म्हटलं तर?’

‘म्हण की. कोणी धरलंय का तोंड?’

नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. तोंड उघडलं तर आत काहीच नव्हतं, ना राग, ना दुसरं काही. निनादला मेसेज केला: जमीन पक्की झाली की सांगते.

२ डिसेंबर, शनिवार

फळ्या बसल्या. हॉल आणि झोपायची खोली.

आज आमटीत गूळ घातला. आक्कांनी एक भुरका मारून वाटी खाली ठेवली. ‘ही आमटी हाय का खीर?’ त्यांच्या आमटीने माझ्या जिभेची सालं निघाली, ते मी सांगितलं नव्हतं. आज सांगितलं. मग दोघींनी दहीभात खाल्ला.

५ डिसेंबर, मंगळवार

घासाई संपली. भुसा भुवयांत, वहीत, चहात. पॉलिशचा पहिला हात आज. इस्माईलभाई, म्हणजे इ.भा., म्हणाले एकूण तीन, मंगळ, बुध, गुरू.

‘मग राहायला केव्हा येऊ?’

‘नक्को बाई, घाई नक्को. सूखना अलग, पकना अलग. दोन दिवसांत वरून सुखेल. आत कच्चंच असतं. कपाट ठेवलं की दबेल, सतरंजी टाकली की चिकटेल. पंधरा दिवस द्या. थंडी आहे.’

कळायचं कसं? कोपऱ्यात अंगठा दाबायचा आणि जागच्या जागी फिरवायचा. ठसा उठला तर कच्चं.

पंधरा दिवस ऐकून बरं वाटलं. तोवर निनादला उत्तर द्यायला नको.

७ डिसेंबर, गुरुवार

आज वसंतची तिथी. वर्ष झालं. सकाळी गुरुजींना शिधा दिला. निनादने तिकडे फोनवर गुरुजी लावून तर्पण केलं. दुपारी मी दाताच्या डॉक्टरकडे.

पाचला परतले. आक्का ओट्यावर चहा घेत बसलेल्या, चेहरा शांत.

‘जागेवर दिवा लावून आले.’

‘कोणत्या जागेवर?’

‘कोणत्या म्हंजे? वसंताच्या. माणसं काम करून गेली होती. माझ्याकडं चावी हाय की.’

तिसरा हात सकाळी अकराला संपला होता.

तशीच रिक्षा केली. दार उघडलं. उंबऱ्यापासून आत नऊ पावलं आणि परत नऊ. अनवाणी, टाचेच्या भेगा दिसतील इतकी स्वच्छ उठलेली. शेवटच्या पावलापुढे तांदळाची मूठ, तिच्यावर पितळी निरांजन. जळत होतं. पॉलिशचा तो वास आणि त्यात उघडी वात. घर पेटलं असतं.

गेल्या वर्षीही तेरा दिवस त्यांनी तिथेच दिवा ठेवला होता. मी तेव्हा म्हटलं होतं, तो दवाखान्यात गेला, इथे नाही. आक्का म्हणाल्या होत्या, ‘पडला तिथंच गेला.’ आज टाइल्स नाहीत, काही खूण नाही, तरी बाईंची जागा वीतभर चुकलेली नाही.

आत जाता येईना. खिडक्या बाहेरून ढकलून उघडल्या. तेल संपेपर्यंत दारात उभी होते. पाऊण तास. शेजारच्यांनी विचारलं, ‘काही हरवलंय का?’ नाही म्हटलं.

८ डिसेंबर, शुक्रवार

इ.भा. आले. उंबऱ्यावर उकिडवे बसून एकेक ठसा बघितला. रागावतील असं वाटलं होतं.

‘अम्मांचे पाय?’

‘माझ्या नणंदेचे.’

‘दाणे घट्ट बसलेत. काढले तर खड्डे पडतील. अख्खा हॉल पुन्हा घासावा लागेल. दोन दिवस हे सुखू द्या. मग घासाई, मग दोन हात, मग पुन्हा पंधरा दिवस.’ चष्मा काढला. ‘नाय तर असंच ठेवा. वरून जाजम टाका. जाणाऱ्याच्या नावाचा दिवा होता. तुमच्या दिलाला विचारा.’

दिलाला विचारलं. तिकडून काही उत्तर नाही. ‘घासून टाका,’ म्हटलं.

घरी येऊन आक्कांवर तोंड सोडलं. आंधळ्या झालात का, ओलं दिसत नव्हतं, पायाला चिकटत नव्हतं, नऊ पावलं चालून जाईपर्यंत कळलं नाही.

‘मला वाटलं नवं हाय म्हणून चिकटायलं. अन् चमकत तर तुझ्या घरात सदाच असतंय. ओलं हाय म्हणून तू सांगितलं होतंस का?’

नव्हतं सांगितलं.

‘तू सांगितलं असतंस तर पाय टाकला असता का मी?’

त्या उठून देवांपुढे जाऊन बसल्या. मी माझ्या खोलीत. दुपारी कोणी जेवलं नाही. संध्याकाळी एकच आमटी दोघींनी वेगवेगळ्या वेळी गरम करून घेतली.

९ डिसेंबर, शनिवार

हे लिहून ठेवते. बोलणार कुठेच नाही.

वसंत पडला त्या दिवशी कामवाली आली नव्हती. हॉल मी पुसला. पांढऱ्या टाइलवर पाणी दिसत नाही. फडकं पिळत होते तोवर फोन आला, एक्स्चेंजमधल्या जुन्या मैत्रिणीचा. वसंत आतून बाहेर येत होता. मला समोर दिसत होता. हातात पेपर, चष्मा कपाळावर.

सगळ्यांना सांगितलंय की मी ओरडले. ‘थांब, ओलं आहे.’ दवाखान्यात सांगितलं, निनादला सांगितलं, आक्कांना सांगितलं. ऐकायचा कुठे तो कोणाचं, असंही वर म्हटलं.

ओरडले नव्हते. मैत्रिणीचं वाक्य पुरं व्हायची वाट बघत होते. तीस वर्षं लोकांचं बोलणं मध्येच तोडलं. तीन मिनिटं झाली की विचारायचं, वाढवायचं का, नाहीतर तोड. बाळंतपणाच्या बातम्या तोडल्या, मयताच्या तोडल्या. त्या दिवशी एक वाक्य तोडलं नाही. तिच्या सुनेबद्दल होतं, माहेरी किती दिवस राहते याबद्दल.

रडू येईल असं वाटलं होतं हे लिहिताना. आलं नाही. पेन मध्येच उमटत नाही. नवी रिफील आणायची.

११ डिसेंबर, सोमवार

हॉल पुन्हा घासला. दाणे पटाशीने उचलले. मशीन फिरलं, पाच मिनिटांत आक्कांचे पाय गेले. भुसा पोत्यात भरून इ.भा. घेऊन गेले, बंब पेटवायला.

आक्का माझ्याशी बोलत नाहीत. देवाशी बोलतात, मला ऐकू जाईल असं. ‘पांडुरंगा, चहा झालाय म्हणावं. गार झाला तर पुन्हा गरम होणार नाय म्हणावं.’ मीही देवाकडेच बघून सांगते, साखर जास्त झाली. देवाची फुकट नोकरी.

१३ डिसेंबर, बुधवार

शेवटचा हात. या वेळी दारावर मोठ्या अक्षरांत कागद लावला: ओलं आहे, आत येऊ नये. मराठीत, हिंदीत, इंग्रजीत. शिवाय आक्कांसमोर उभी राहून तोंडाने सांगितलं, ‘आक्का, जमीन ओली आहे. मी सांगेपर्यंत आत जाऊ नका.’

‘आता सांगायलीस.’

चावी परत मागितली नाही.

१६ डिसेंबर, शनिवार

निनाद. भाडेकरू मिळालेत म्हणे. बिडकीनकडच्या नव्या कारखान्यात बदलून आलेला इंजिनिअर, त्याची बायको, त्याचे वडील. माणसं चांगली आहेत. एक जानेवारीपासून हवंय. सव्वीसला घर बघायला येतील.

‘तू फक्त दाखव, आई. पण त्याआधी मला हो की नाही सांग.’

‘जमीन कच्ची आहे अजून.’

‘मी जमिनीचं नाही विचारत.’

या वेळी थांबला नाही. म्हणजे हे पाठ केलेलं नव्हतं. मी म्हटलं, ऐकू येत नाही, लाइन खराब आहे. लाइन उत्तम होती. ज्या बाईने उभ्या मराठवाड्याला ‘लाइन ठीक आहे, बोला’ सांगितलं, तिने हे करावं.

१८ डिसेंबर, सोमवार

काही नाही.

१९ डिसेंबर, मंगळवार

आक्का बोलल्या. देवाला मध्ये न घेता. मेथी निवडत होतो. आक्कांच्या देवगाव रंगारीच्या शेतावरून आलेली, चांगली परातभर जुडी.

‘तुला जायचं हाय का नाय?’

‘कुठे?’

‘घरला.’

‘जमीन अजून—’

‘जमीन मरू दे. लई दिवसांची वाळायली तुझी जमीन. मी तुझं इचारायले.’

‘तुम्हीच तर निनादला हो म्हणालात.’

‘व्हय म्हणले, कारण तू हितं राहिलीस तर मला चालतंय. आमटीत गूळ घालतीस, तरी चालतंय. पण तू हितं राहायलीस कुठं? बॅग अजून उघडी हाय तुझी. कपडे तिच्यातूनच काढतीस, तिच्यातच ठेवतीस. घरला जाईना, हितं राहीना. मधी लोंबकळायलीस.’

खरं आहे. कपाटाचा एक कप्पा त्यांनी पहिल्या दिवशीच रिकामा करून दिला होता.

म्हटलं, ‘आक्का, त्या दिवशी वसंत पडला ना, तेव्हा मी—’

त्यांनी वर बघितलं. माझ्याकडे नीट बघितलं. मी पुढचं वाक्य शोधत होते. त्यांनी माझ्या पुढ्यात आणखी एक जुडी टाकली.

‘काड्या घेऊ नको. कडू होती भाजी.’

त्यांना माहीत आहे की नाही, सांगता येत नाही. माझ्या तीस वर्षांच्या कानाला त्या एका वाक्यात काही ऐकू आलं नाही.

२२ डिसेंबर, शुक्रवार

इ.भां.नी बोलावलं. कोपऱ्यात बसून अंगठा दाबला, फिरवला. मग मला म्हणाले, तुम्ही दाबा. दाबला. ठसा नाही. दुसऱ्या कोपऱ्यात, खिडकीखाली, मध्ये. कुठेच नाही.

‘पक गई, बाई. मी पंधरा दिवस म्हणालो होतो, पण दुपारचं ऊन चांगलं मिळालं. उद्या सामान आणा. सतरंजी तेवढी पुढच्या महिन्यात.’

मोठ्याने बोलले तर हॉलमध्ये घुमत होतं. मी विचारलं, पाय घसरेल का? त्यांनी टाचेने जमीन घासून दाखवली, मग नाचल्यासारखं गिरकी घेऊन दाखवली. सत्तरीचा माणूस. ‘चमक कमी ठेवलीय, पकड जास्त. पाण्याचं मात्र सांगत नाय. पाणी पडलं की लगेच पुसा. आणि दुसऱ्याला सांगा.’

घरी आले. आक्का: ‘काय म्हणला?’

‘आणखी आठ दिवस.’

निनादलाही तेच कळवलं. तो म्हणाला, सव्वीसला नुसतं चालून बघतील, सामान थोडंच ठेवायचंय.

लाइनचं सोडलं तर हे दुसरं खोटं. पहिलंही जमिनीबद्दलच होतं.

२३ डिसेंबर, शनिवार

घरी गेले होते. आक्कांना सांगितलं, तपासून येते. दारात उभी राहून परत आले.

२४ डिसेंबर, रविवार

आज आत. पाच पावलं, परत पाच. आवाज येतो लाकडाचा, पोकळसा. चांगला आहे.

येताना रस्त्यात कॅरोल म्हणणारी पोरं भेटली, डोक्यावर लाल टोप्या. सूर सपशेल चुकलेला. सिस्टर असत्या तर छडी. उभी राहून शेवटपर्यंत ऐकलं. तोंडपाठ आहे सगळं अजून. काही वाटलं का? थंडी वाटली.

२५ डिसेंबर, सोमवार

पुन्हा आत. नऊ पावलं. मोजून. तिथे उभी राहिले. आक्कांची वीतभर न चुकणारी जागा माझी चुकली असावी. झोपायच्या खोलीचं दार बघून अंदाज घेतला तर दोन हात पलीकडे होते. मग सरकले. काही फरक नाही. इकडची फळी आणि तिकडची फळी, सारखीच.

निनादला सांगायला वाक्य तयार केलं. ‘हो, दे भाड्याने.’ हॉलमध्ये मोठ्याने म्हणून बघितलं. मग दुसरं तयार केलं. ‘नको देऊस.’ तेही म्हणून बघितलं. दोन्ही नीट ऐकू आली. दोन्हींत मी नव्हते.

२६ डिसेंबर, मंगळवार

घरात बसून लिहितेय. म्हणजे पदमपुऱ्यात.

ते तिघं साडेचारला आले, सांगितल्या वेळी. मी आधीच येऊन खिडक्या उघडल्या होत्या. दारावरचा कागद काढायचा राहिला होता, ते लक्षात आलं नाही. इंजिनिअर फोनवर. बायको उंबऱ्यावरूनच भिंती न्याहाळत होती. ‘काकू, टीव्हीचा पॉइंट कुठे आहे? वुडन फ्लोर किती मस्त!’ वडील मागे, काठी टेकत. पंच्याहत्तरीचे असतील. बूट काढायला वाकता येईना. सून खाली बसली आणि तिने काढून दिले, न बोलता, रोजची सवय असल्यासारखे. आत गुळगुळीत करडे मोजे.

त्यांनी काठी सुनेकडे दिली आणि एक पाय उचलून उंबऱ्याच्या आत घेतला.

‘थांबा!’

केवढ्याने ओरडले. इंजिनिअरच्या हातून मोबाईल निसटला, त्याने तो गुडघ्यावर झेलला. रस्त्यावर भाजीची गाडी चालली होती, ती थांबली.

‘थांबा. ओलं आहे. वाळलेलं नाही अजून. पंधरा दिवस कोणाला आत येता यायचं नाही.’

मग सुनेने माझ्या पायांकडे बघितलं. मग तिच्या नवऱ्याने. मी हॉलच्या मधोमध उभी होते, अनवाणी.

‘पण काकू, तुम्ही तर…’

त्या ओरडण्याने घसा खरवडला होता, आणि छातीत एवढं काहीतरी चाललं होतं की उभं राहवेना. एक वर्ष उशिरा. दुसऱ्याच माणसाला.

म्हाताऱ्यांनी उचललेला पाय हळूच बाहेर घेतला. माझ्याकडे बघितलं, पायांकडे नाही, तोंडाकडे. मग मुलाला म्हणाले, ‘चला. बाई सांगताहेत ना ओलं आहे.’ सुनेने पुन्हा खाली बसून त्यांना बूट घातले. वेळ लागला. मी तशीच उभी. निघताना त्यांनी मला नमस्कार केला.

निनादचा फोन सव्वापाचला. त्याच्याशी ते लोक बोलले होते. त्याने मग इ.भां.ना फोन केला होता. त्यांनी खरं तेच सांगितलं, जमीन शुक्रवारीच पक्की झाली.

‘आई, तू खोटं का बोललीस?’

‘कोणत्या वेळी?’ मी विचारलं.

‘म्हणजे?’

म्हटलं, तुला वेळ आहे का? तिकडे सुटी, तरी मीटिंग होती त्याची. साडेसातला करतो म्हणाला. ‘आई, बरी आहेस ना? रडतेयस का?’ लाइन खराब आहे म्हणाले नाही. हो म्हटलं.

आता पावणेसात. दिवा लावलाय हॉलमधला, बटणाचा. खुर्ची नाही म्हणून जमिनीवर बसलेय, भिंतीला टेकून. साडेसातला त्याला काय काय सांगायचं त्यातलं अर्धं ठरलंय, ते वसंतचं. घराचं नाही.

आत्ता आक्कांचा फोन येऊन गेला. ‘पीठ मळायले. भाकरी दोघींच्या थापू का माझ्या एकटीच्या?’

म्हटलं, थोडं थांबा, आक्का. सांगते.